मोतीबिंदूतील ऑक्सिडीकरणजन्य हानी

मोतीबिंदूतील ऑक्सिडीकरणजन्य हानी म्हणजे डोळ्याच्या भिंगातील प्रथिने, मेदद्रव्ये व इतर पेशीघटक यांच्यावर ऑक्सिजनपासून बनणाऱ्या क्रियाशील रेणूंमुळे होणारा आणि वर्षानुवर्षे साचत जाणारा रासायनिक परिणाम होय. वार्धक्यात भिंग गढूळ होण्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक मानले जाते. या हानीला अटकाव करणाऱ्या पदार्थांना प्रतिऑक्सिडीकारक किंवा अँटिऑक्सिडंट म्हणतात. भिंगात असे पदार्थ निसर्गतःच असतात. मात्र ते गोळ्यांच्या किंवा थेंबांच्या रूपाने बाहेरून दिल्यास मोतीबिंदू टळतो अथवा बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. २०१५–१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात ५० वर्षे व त्यावरील व्यक्तींमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले होते. वर्धा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात हयातीतील बराच काळ उन्हात आणि चुलीपुढे गेलेल्या वृद्धांच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे.

भिंगाचे वेगळेपण

भिंगात सुमारे दोनतृतीयांश पाणी व एकतृतीयांश प्रथिने असतात. यांतील बहुतेक प्रथिने क्रिस्टलिन या गटातील असून त्यांची दाट व सुसूत्र मांडणी हेच पारदर्शकतेचे रहस्य आहे. भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या बाहेरच्या थरात आयुष्यभर नवे तंतू तयार होतात, पण जुने तंतू टाकून दिले जात नाहीत. ते आत दाबले जातात आणि त्यांतील केंद्रके नष्ट होतात. त्यामुळे भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने माणसाच्या जन्मापूर्वी बनलेली असतात व मृत्यूपर्यंत तीच राहतात. त्वचा झिजली तर नवी येते. भिंगाच्या गाभ्याला ही सोय नाही. एकदा झालेली इजा तेथे कायम राहते.

चिरलेले वांगे हवेत काळे पडते म्हणून ते पाण्यात टाकतात. भिंगातील अभिक्रिया याहून वेगळ्या असल्या तरी ऑक्सिजनपासून दूर ठेवण्याचे तत्त्व शरीरही पाळते. भिंगाभोवती, विशेषतः त्याच्या मागील काचाभ द्रवात, ऑक्सिजनचे प्रमाण फार कमी असते. याचा बोलका पुरावा शस्त्रक्रियेतून मिळाला आहे. दृष्टिपटलाच्या आजारासाठी काचाभ द्रव काढून टाकलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक रुग्णांत पुढील दोनेक वर्षांत गाभ्याचा मोतीबिंदू वाढतो. दीर्घकाळ उच्च दाबाखाली ऑक्सिजनचे उपचार घेतलेल्या रुग्णांतही असाच बदल नोंदला गेला आहे.

संरक्षण आणि ऱ्हास

भिंगाच्या संरक्षणात ग्लुटाथायोन या लहान रेणूचा वाटा सर्वांत मोठा आहे. तो हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या घातक पदार्थांना निष्प्रभ करतो आणि प्रथिनांमधील गंधकयुक्त गट मूळ स्थितीत राखतो. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटॅलेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे त्याच्या जोडीला असतात. भिंगापुढील जलीय द्रवात क जीवनसत्त्वाचे प्रमाण रक्तद्रवाच्या सुमारे २० पट असते. हा साठा अतिनील किरणांना आतील भागापर्यंत पोहोचण्यापूर्वी काही अंशी शोषून घेतो.

ग्लुटाथायोन मुख्यतः भिंगाच्या बाहेरच्या थरात तयार होते व तेथून गाभ्याकडे झिरपते. मध्यम वयानंतर या दोन भागांदरम्यान एक अडसर निर्माण होतो आणि गाभ्याला पुरेसा पुरवठा होत नाही. मग प्रथिनांतील गंधकयुक्त गट एकमेकांशी जोडले जातात, मोठे अविद्राव्य पुंजके बनतात व त्यांवरून प्रकाश विखुरतो. गाभा आधी पिवळसर, पुढे तपकिरी होतो. ग्रामीण बोलीत याला मोतीबिंदू ‘पिकणे’ म्हणतात.

मधुमेहात या ऱ्हासाला आणखी गती मिळते. जास्तीच्या ग्लुकोजचे सॉर्बिटॉल बनवताना जे सहविकर खर्च होते, तेच ग्लुटाथायोन पूर्ववत करण्यासाठी लागते. क जीवनसत्त्वाचाही स्वभाव दुहेरी आहे: स्वतःचे ऑक्सिडीकरण झाल्यावर त्याच्यापासून बनणारे पदार्थ क्रिस्टलिनला चिकटून भिंग पिवळे करू शकतात. ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द जाहिरातींतून जितका निर्मळ वाटतो, तितके त्यामागील रसायन निर्मळ नाही.

ऊन, धूर आणि आहार

तंबाखूचे धूम्रपान आणि गाभ्याचा मोतीबिंदू, तसेच अतिनील किरण आणि बाह्य थराचा मोतीबिंदू, हे संबंध अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहेत. कापूस, सोयाबीन व तुरीच्या शेतात राबणाऱ्या वर्धा जिल्ह्यातील मजुरांना ऊन टाळता येत नाही. रुंद काठाची टोपी व चष्मा यांनी डोळ्यांत शिरणारे अतिनील किरण बरेच कमी होतात. डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा उष्म्यापासून वाचवत असला तरी डोळ्यांवर सावली धरत नाही.

तीव्र अतिसार व उष्माघात यांमुळे होणारे निर्जलीकरण मोतीबिंदूस कारणीभूत असावे, असे छत्तीसगडमधील रायपूर भागातील संशोधनावरून १९८४ साली मांडण्यात आले. विदर्भाच्या उन्हाळ्याशी ते सहज जुळणारे वाटते; पण दक्षिण भारतात नंतर झालेल्या अभ्यासात अतिसाराशी तसा संबंध आढळला नाही.

चुलीच्या धुराविषयीचा पुरावा अधिक सुसंगत आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील भारत–अमेरिका संयुक्त अभ्यासात लाकूड, गोवऱ्या अशी स्वस्त इंधने वापरणाऱ्यांत मोतीबिंदूचे प्रमाण जास्त दिसले. योगायोग असा की, धूर घराबाहेर नेणारी ‘मगन चूल’ वर्ध्याच्या मगनवाडीतच आकाराला आली. तेथे १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चाले. तिचा हेतू स्त्रियांचे धुरापासून संरक्षण आणि इंधनाची बचत हा होता. मोतीबिंदूचा विचार त्यामागे नव्हता. मगनवाडीतच महात्मा गांधींनी आहाराचे प्रयोग केले व १९३५ साली ‘हरिजन’मध्ये हिरव्या पाल्याच्या पोषणमूल्यावर लिहिले.

आहाराचा मुद्दा आजही लागू आहे. हरियाणातील फरीदाबाद जिल्हा व पुदुच्चेरी परिसर येथील ६० वर्षांवरील व्यक्तींच्या मोठ्या अभ्यासात रक्तातील क जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली, आणि ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व जास्त होते त्यांच्यात मोतीबिंदू कमी होता. संत्री, पेरू, आवळा व पालेभाज्या ही या जीवनसत्त्वाची नेहमीची साधने होत. तथापि असा संबंध म्हणजे कारणाचा पुरावा नव्हे. चांगला आहार घेणारी व्यक्ती बहुधा इतर बाबतींतही सुस्थितीत असते.

पूरक औषधांच्या चाचण्या

कारण तपासण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून चाचण्या करण्यात आल्या. मदुराईजवळील खेड्यांत ३५ ते ५० वयोगटातील ७९८ व्यक्तींपैकी काहींना क व ई जीवनसत्त्वे आणि बीटा कॅरोटीन, तर इतरांना निष्क्रिय गोळ्या पाच वर्षे देण्यात आल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील मोतीबिंदूच्या वाढीत फरक दिसला नाही. अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा २००१ सालचा निष्कर्षही असाच होता. वेगळा सूर चीनमधील लिनशियान येथील चाचण्यांचा आहे. तेथील कुपोषित लोकसंख्येत ६५ ते ७४ वयोगटात पूरक जीवनसत्त्वांमुळे गाभ्याचा मोतीबिंदू कमी आढळला. मुळात उणीव असलेल्यांना ती भरून काढल्याचा लाभ होतो, एवढाच अर्थ यातून काढता येतो. उलट स्वीडनमधील निरीक्षणांत क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया अधिक झाल्याचे दिसले.

मोतीबिंदू ‘विरघळवणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या थेंबांचा पाया याहूनही कच्चा आहे. एकत्र जुळलेली प्रथिने पुन्हा पूर्वीसारखी मांडली जातील, असे औषध अद्याप उपलब्ध नाही.

उपचार

गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणे हाच प्रभावी उपचार आहे. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबण्याचा जुना सल्ला आता कालबाह्य झाला आहे. अतिपक्व भिंगाचा गाभा कठीण झाल्याने शस्त्रक्रिया अवघड होते. भिंग फुगून डोळ्यातील दाब वाढल्यास काचबिंदू होऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. थेंबांच्या आशेवर घालवलेल्या वर्षांची किंमत अशी मोजावी लागते.

देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय येथे नेत्ररोग विभाग आहेत. यांपैकी सेवाग्रामची संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली कस्तुरबा रुग्णालयाच्या जोडीने उभारली. कृत्रिम भिंग प्रथिनांचे नसल्यामुळे मोतीबिंदू पुन्हा होत नाही. काही रुग्णांत मात्र भिंगाच्या मागील आवरणावर उरलेल्या पेशी वाढून काही काळाने धूसर दिसू लागते. हा पडदा लेसरने काही मिनिटांत दूर करता येतो.