तीन बऱ्हाटे, सापडला एकच

जळगाव-भुसावळकडे बऱ्हाटे हे आडनाव काही नवलाचे नाही. समजा, नशिराबादच्या एखाद्या पतसंस्थेने सभासदांच्या यादीत ते शोधले आणि तिघांपैकी एकच हाती लागला, तर शेरा ठरलेला: 'कॉम्प्युटर चुकला.' खरे तर अशा वेळी उत्तर बहुधा बरोबरच असते. आपण विचारले काय आणि साठवले काय, यांतली तफावत ते दाखवते. म्हणून मनासारखे उत्तर येईपर्यंत क्वेरी फिरवत बसण्याआधी साठवलेली माहिती उलगडून पाहावी.

इथे तफावत 'ऱ्ह'मध्ये आहे. हा अर्धा ऱ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ आणि हलन्त; साधा र, नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि हलन्त; किंवा र, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही हुबेहूब. पण लांबी मोजायला सांगा: पहिल्या बऱ्हाटेची 7 भरते, उरलेल्या दोघांची 8. बाइटला बाइट ताडून पाहणाऱ्या डेटाबेसच्या लेखी ही तीन निराळी आडनावे. गंमत म्हणजे युनिकोडच्या तक्त्यात ऱ हे अक्षर द्राविडी भाषांतल्या एका उच्चारासाठी नोंदलेले आहे. मराठीचा अर्धा ऱ तिथे पोटभाडेकरू! जोडकाची तऱ्हा तर 1996च्या 2.0 आवृत्तीशी जुळते राहावे म्हणून चालू ठेवली आहे.

कोणी म्हणेल, सगळे एका साच्यात आणा, मिटले. युनिकोडची प्रमाणीकरणाची सोय आहेच, पण ती पहिल्या दोन रूपांनाच एक करते. जोडकाला हात लावत नाही. मग जोडक सरसकट काढून टाकावा? तर जोडकाने लिहिलेल्या सातपुड्याच्या 'दऱ्या' थेट 'दर्या' होतील. न सापडण्याचा दोष जाऊन भलतेच सापडण्याचा येईल. त्यापेक्षा र, हलन्त आणि जोडक जिथे एकत्र दिसतील तिथे ऱ आणि हलन्त घालावे. तेही मूळ नोंद न पुसता, शोधासाठी वेगळा रकाना करून. शोधायचा शब्दही त्याच साच्यातून काढावा. 'मराठीत विचारा, क्वेरी एआय लिहील' या गाजावाजाने यातले काही टळत नाही. निर्दोष क्वेरीलाही हीच माहिती चाळायची असते. एवढा खटाटोप करायला वेळ कुणाला, हा आक्षेपही टिकत नाही. आधी नुसती 'ब'ने सुरू होणारी आडनावे मागवा, शेजारी लांबी छापा आणि लांबी जुळूनही नाव हुकले तर एकेका अक्षराचा संकेतांक पाहा. क्वेरीत बदल करायचा तो यानंतर.