मणक्यातली गाठ : तुकडा तपासायला भिऊ नका



पाठदुखी आपल्या पाचवीलाच पुजलेली. खुरपणी, पाण्याचे हंडे, वाकून झाडलोट. पाठ दुखणारच, असं म्हणून आपण बाम चोळतो आणि कामाला लागतो. बहुतेक दुखणी त्यावर बरीही होतात. पण एखादं दुखणं आडवं पडूनही थांबत नाही, रात्री झोपेतून उठवतं, दर आठवड्याला वाढतं. पायांना मुंग्या येतात, चालताना पाय लटपटतात. अशा वेळी मणक्यात गाठ असू शकते. मग पाठ तुडवून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, पण मणक्यांमधून जाणारा मज्जारज्जू दिसत नाही. त्यासाठी एमआरआय काढतात. हे यंत्र लोहचुंबकावर चालतं. बोगद्यासारख्या जागेत अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहायचं. आवाज मोठा येतो, पण दुखत नाही. मंगळसूत्र, जोडवी, पिना आधी काढून ठेवायच्या. पेसमेकर बसवलेला असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधीच सांगायचं.

गाठ कुठे आहे, केवढी आहे, मज्जारज्जू दाबते का, हे एमआरआयमध्ये कळतं. ती कसली आहे, हे मात्र दरवेळी नक्की कळत नाही. मणक्याचा क्षयरोग आणि कॅन्सर कधीकधी सारखेच दिसतात. क्षयरोगाला अनेक महिने गोळ्या लागतात, कॅन्सरला किरणोपचार किंवा केमोथेरपी. साधी गाठ बहुधा शस्त्रक्रियेने निघते. रोग एक आणि औषध दुसरंच, असं व्हायला नको म्हणून गाठीचा तुकडा तपासतात. यालाच बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करून, सीटी स्कॅनमध्ये बघत बघत सुईने बारीक तुकडा काढतात. काही गाठी मात्र थेट शस्त्रक्रियेने काढून मगच तपासतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

“सुई लागली की गाठ पसरते,” असं बैठकांमध्ये आम्हाला हमखास ऐकायला मिळतं. सख्यांनो, सुईची वाट डॉक्टर आधीच नीट ठरवतात, त्यामुळे तो धोका फार कमी असतो. भीतीपोटी घालवलेले महिने जास्त महागात पडतात.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या.

आणि पायातली ताकद अचानक गेली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.