इंग्रजी वाचता येतं, पण कळतं का?

मैत्रिणींनो, गटातून कर्ज घेताना ‘मुलांच्या इंग्रजी क्लासची फी’ हे कारण आता नेहमीचं झालंय. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. पोरगी धडा घडाघडा वाचते, आपण खूश होतो. पण “काय झालं गं त्यात?” विचारलं की गप्प!

अक्षरं जुळवण्यातच डोकं दमलं, तर वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. रोज वाचलं की तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात, नजर सरावते, मग लक्ष अर्थाकडे जातं. म्हणून परीक्षेआधी चार तास बसवण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं बरी. पुस्तक मात्र सोपं हवं. पानापानाला पाच-सहा शब्द अडले, तर ते सध्या बाजूला ठेवा.

‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर 2015 पासून मोबाईलवर फुकट गोष्टी मिळतात, मराठी आणि इंग्रजीही. आधी मराठीतून वाचू द्या, मग तीच इंग्रजीतून. मराठी वाचन वाया जात नाही; पुढचा अंदाज बांधायची सवय तिथूनच लागते. (हे क्लासवाले कशाला सांगतील!)

आपल्याला इंग्रजी येत नसलं, तरी भाकरी थापता थापता विचारता येतं, “आता पुढं काय होईल, सांग बरं?” तिनं मराठीत सांगितलं तरी चालेल.