डोंगर उघडा केव्हा पडला?

खडकाचे वय कळले की डोंगराचे कळले, असे तुम्हांला वाटेल, तसे नाही. ॲपेटाइट या खनिजात युरेनियमचे अणू फुटले की सूक्ष्म चरे पडतात. सुमारे ११० अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे चारेक किलोमीटर खोलीवर, ते बुजून जातात. खडक वर येऊन निवला की टिकतात. चरे आणि युरेनियम मोजा, निवण्याचा काळ निघतो. हिमालयाच्या पश्चिम टोकाला, नंगा पर्वतावर, काही ठिकाणी तो दहा लाख वर्षांहूनही कमी भरतो. भूशास्त्रात ही कालपरवाचीच गोष्ट म्हणायची! पण घाई नको. हिमनदीने वरचे थर खरवडले, तरी खालचा खडक निवतोच. मग पर्वत उंचावून झीज वाढली, की हवामान बदलून? मोल्नार आणि इंग्लंड यांनी १९९० मध्ये हाच पेच मांडला. नुसत्या चऱ्यांवरून तो सुटत नाही.