पाच एमएलचं महायुद्ध

मीटिंगमध्ये क्लायंटला पटवणं सोपं, अडीच वर्षांच्या लेकीला ५ एमएल अँटिबायोटिक पटवणं महाकठीण! दात घट्ट, मान उलटीकडे, आणि चुकून आत गेलंच तर थेट माझ्या ऑफिसच्या कुर्त्यावर.

‘नाक दाबलं की तोंड उघडतं’ ही म्हण इथे अजिबात वापरू नका. रडणाऱ्या पोराच्या श्वासनलिकेत औषध जाऊ शकतं. केमिस्टकडे बिनसुईची सिरिंज मिळते. मुलाला ताठ बसवायचं आणि गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं. आधी कुल्फी चाटवली की कडूपणा कमी लागतो (सासूबाईंचे डोळे मोठे होतात, ते वेगळं).

दुधाच्या अख्ख्या बाटलीत औषध ढवळायची आयडिया बाद. अर्धी बाटली उरली, तर डोस किती गेला, कोण सांगणार? मधाचं बोट चालतं, पण वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. पॅरासिटामॉल तर लेबल वाचूनच द्या. ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅमवालं सिरप मिळतं, तसंच २५०वालंही. बाटली बदलली की ‘नेहमीचा चमचा’ दुपटीहून जास्त!

आणि ‘चॉकलेट आहे गं’ म्हणून फसवायचं नाही. उद्या तीच बाटली एकटीने शोधेल. आमच्याकडे आधी बाहुलीला खोटा डोस, मग बाईसाहेबांना. ‘घेणार का?’ विचारायचंच नाही, ‘लाल कप की पिवळा?’ एवढंच. ओकली, तर दुसरा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन.

आज चौथा दिवस. ताप उतरलाय, पण कोर्स पाच दिवसांचा आहे. बाहुलीचासुद्धा.