सदाफुली आणि रक्ताचा कर्करोग

तुमच्या अंगणात, नाहीतर शेजारच्या कुंपणाशी सदाफुलीचे एखादे झुडूप नक्की असेल. पाणी घालायला विसरलात तरी ते रुसत नाही, बारमाही फुलते. मूळचे ते मादागास्कर बेटावरचे. त्याच्या पानांतून रक्ताच्या कर्करोगावरचे, म्हणजे ल्युकेमियावरचे, औषध निघाले. गंमत अशी की शोधणारे शोधत होते भलतेच!

जमैका बेटावर मधुमेहाचे रोगी सदाफुलीच्या पानांचा काढा घेत. १९५२ साली तेथून २५ पाने एका पाकिटातून कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. त्यांनी ती आपले संशोधक बंधू रॉबर्ट यांना दिली. रॉबर्टनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. रक्तातील साखर जिथल्या तिथे! मग अर्क टोचून पाहिला. साखर तरीही हटली नाही, पण काही दिवसांतच उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. दुसरा कोणी असता तर 'औषध निरुपयोगी' असे वहीत लिहून मोकळा झाला असता. नोबल यांनी मात्र उंदीर का मेले, याचा पाठपुरावा केला. रक्तातील पांढऱ्या पेशी, म्हणजे जंतूंशी लढणारे सैन्यच, कमालीच्या घटल्या होत्या. त्या जेथे तयार होतात ती अस्थिमज्जाही निकामी झाली होती.

ल्युकेमियात नेमके उलटे घडते. अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. मग हा अर्क तेथे का वापरू नये?

चार्ल्स बिअर या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये पानांतून व्हिनब्लास्टिन वेगळे केले. त्याच सुमारास अमेरिकेतील एली लिली कंपनीत गॉर्डन स्व्होबोडा व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की सदाफुलीच्या अर्काने ल्युकेमिया झालेले उंदीर अधिक दिवस जगतात. त्यांच्या हाती व्हिनक्रिस्टिन आले. मुलांच्या ल्युकेमियावर तेच अधिक गुणकारी ठरले आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

हे औषध करते काय? एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रे दोन्ही बाजूंना ओढून नेणारे बारीक धागे तयार होतात. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा एकीला एक जोडून ते बनतात. व्हिनक्रिस्टिन त्या विटांनाच चिकटते. धागे जुळत नाहीत, विभाजन अर्ध्यावर अडते आणि पेशी मरते. नसांमध्येही असेच धागे असल्यामुळे रोग्याच्या बोटांना मुंग्या येतात. तेव्हा अंगणातली पाने चावून पाहू नका. ती विषारी आहेत. दवाखान्यातही हे औषध मोजूनमापून, शिरेतूनच देतात, आणि तेही इतर औषधांच्या जोडीने. अशा एकत्रित उपचारांमुळेच, १९६० च्या सुमारास ज्या रोगातून दहातले एखादेच मूल वाचे, त्यातून आज सुसज्ज रुग्णालयांत दहातली सुमारे नऊ मुले बरी होतात.

अडचण एकच. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी सदाफुलीची जनुके यीस्टमध्ये घालून या औषधाच्या रेणूचे दोन घटक त्याच्याकडून बनवून घेतले. पाव फुगवणारेच ते यीस्ट!