विमानाची प्रतिकृती आणि वजनाचा हिशेब

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात वस्तू बनविणे ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढच्या काही दशकांत येथील माळांवर कारखाने उभे राहिले. परंतु या समृद्धीला एक उणी बाजू आहे. कोणी दातेरी चक्र कापतो, कोणी पत्रा दाबतो, कोणी सुट्या भागांची तपासणी करतो. आराखडा बहुधा दुसऱ्याच कोणाचा असतो. आरंभापासून अखेरपर्यंत एक संपूर्ण वस्तू एकाच माणसाच्या हातून घडण्याचा योग येथे क्वचितच येतो. म्हणूनच रेडिओने चालणारे, आकाशात कसरती करणारे मोठे विमान कागदावरच्या पहिल्या रेषेपासून स्वतः बांधणे, या छंदाचा विचार या गावाने अवश्य करावा असे आम्हांस वाटते.

विमानाची प्रतिकृती म्हणजे मुलांचे खेळणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन बंधूंनी १९३७ च्या सुमारास रेडिओच्या आज्ञेत राहणारे प्रतिकृती-विमान उडविले. १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये ड्युबेनडॉर्फ येथे अशा विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आज या क्रीडेतील मोठ्या विमानांचे पंख टोकापासून टोकापर्यंत अडीच-तीन मीटर भरतात.

स्वतः विमान बांधण्याचा ध्यास महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकांनी मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर माणसे वाहून नेणारे सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली. एवढी मजल सर्वांना साधणारी नाही. परंतु त्याच विद्येचे पहिले धडे प्रतिकृतीच्या रूपाने घरच्या पडवीत गिरविता येतात.

हा सारा हिशेब मुळात वजनाचा आहे. उदाहरणादाखल ‘एक्स्ट्रा ३००’ हे प्रसिद्ध जर्मन कसरतीचे विमान घेऊ. त्याच्या पंखांचा पसारा सुमारे ८ मीटर आणि कसरतीच्या वेळचे वजन आठ-साडेआठशे किलो. त्याची एक-तृतीयांश प्रतिकृती करावयाची म्हणजे पसारा होतो सुमारे २ मीटर ६७ सेंटिमीटर. लांबी तिसरा हिस्सा झाली की पंखाचे क्षेत्रफळ नववा हिस्सा होते आणि घनफळ सत्ताविसावा हिस्सा. त्या हिशेबाने प्रतिकृती तीस किलोच्या आसपास भरेल. पण तीस किलोचे हे विमान आकाशात दगडासारखे धावेल आणि फार वेगाने उतरू लागेल. म्हणून कुशल कारागीर ते अकरा-बारा किलोंतच बसवितो. पंखाच्या दर चौरस मीटरवर खऱ्या विमानात सत्तर-ऐंशी किलो भार असतो, तो येथे दहाच्या घरात येतो. त्यामुळे प्रतिकृती खऱ्या विमानाच्या साधारण एक-तृतीयांश वेगातही तरंगू शकते आणि मंदपणे, जमिनीवरून नीट दिसेल अशी कसरत करते.

वजन कमी करावयाचे, तर बळकटीचे काय? बळकटी म्हणजे जाडी, हा आपला नित्याचा समज येथे सोडावा लागतो. लाकडी फूटपट्टी आडवी धरून दाबली तर सहज वाकते. तीच उभ्या कडेवर धरली तर वाकत नाही. द्रव्य तेच, फक्त त्याची मांडणी बदलली. पंखाचा कणा याच तत्त्वावर करतात. वर एक आणि खाली एक अशा चिवट लाकडाच्या दोन बारीक पट्ट्या, आणि त्यांना जोडणारी हलक्या लाकडाची पातळ उभी भिंत. पट्ट्यांच्या मधले अंतर दुप्पट केले की ताठपणा जवळजवळ चौपट होतो. वजन मात्र मधल्या भिंतीपुरतेच वाढते.

हे हलके लाकूड म्हणजे बाल्सा. ते मुख्यत्वे दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरमधून येते आणि सागवानाच्या साधारण पाव वजनाचे असते. सावंतवाडीची खेळणी करणारे कारागीर पांगाऱ्याचे मऊ, हलके लाकूड वापरीत आले आहेत. हलक्या लाकडाची पारख आपल्याकडेही जुनीच आहे. बाल्साची प्रत्येक फळी वजनकाट्यावर ठेवून निवडतात. कारण एकाच मापाच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचाही फरक पडतो. जड फळी नाकाकडे वापरावी, हलकी शेपटीकडे.

शेपटीचा हा आग्रह का, हे समजून घेण्याजोगे आहे. विमान ज्या बिंदूवर तोलले जाते तो गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या भागात असतो. तेथून शेपटी सुमारे दीड मीटर मागे आणि इंजिन जेमतेम साठ सेंटिमीटर पुढे. तराजूचा नियम लावला तर शेपटीत वाढलेल्या ५० ग्रॅमची भरपाई करावयास नाकात १२५ ग्रॅम शिसे घालावे लागते. म्हणजे डिंकाचा एक जास्तीचा हात आणि रंगाचा एक दाट थर यांची किंमत साडेतीन पटीने मोजावी लागते. लाकडी सांगाड्यावर रंगाऐवजी इस्त्रीने ताणून बसविण्याची पातळ फिल्म वापरतात ती याचसाठी.

कसरतीच्या विमानाची घडण आणखी एका बाबतीत निराळी असते. त्याला उताणेही तितक्याच सुखाने उडावयाचे असते, म्हणून त्याच्या पंखाचा छेद वर-खाली सारखाच फुगीर ठेवतात. पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या झडपा आकाराने मोठ्या असतात, आणि त्यांना फिरविणाऱ्या सर्व्हो मोटारी जोरकस लागतात. इंजिन पेट्रोलवर चालणारे, समोरासमोर दोन सिलिंडरांचे, सुमारे १०० घनसेंटिमीटरचे असते. त्याची ओढ विमानाच्या वजनाहून अधिक असल्यामुळे विमान नाक वर करून हवेत उभे राहू शकते. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंच आहे. वैशाखातील दुपारी येथली हवा विरळ होते आणि ही ओढ थोडी घटते. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड पीळ धरते. तेव्हा बांधणी कोरड्या दिवसांत करावी आणि उड्डाण सकाळी, वारा पडलेला असताना.

हे सारे मनोरंजन असले तरी त्यातील जोखीम मनोरंजनाची नव्हे. बारा किलोचे विमान ताशी १०० किलोमीटर वेगाने आदळले, तर तो आघात तेवढेच वजन बारा-तेरा मजली इमारतीवरून टाकल्यासारखा असतो. झोकदार वळणात पंखांवर वजनाच्या आठपट भार आला, तर तो शंभर किलोंच्या जवळ जातो. म्हणून जाणता माणूस पंख उलटा मांडून त्यावर वाळूच्या पिशव्या रचतो आणि तो भार जमिनीवरच पाहून घेतो. रेडिओचा संदेश तुटल्यास इंजिन आपोआप मंदावेल अशी योजना करतो आणि ग्राहकयंत्रास विजेच्या दोन स्वतंत्र बॅटऱ्या जोडतो.

कायद्यानेही मर्यादा घातली आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार करमणुकीसाठी वा शिक्षणासाठी, डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात उडवावयाच्या प्रतिकृतीचे एकूण वजन २५ किलोंहून अधिक असता कामा नये. आपल्याजवळच लोहगावचा विमानतळ आहे आणि तो हवाई दलाचा आहे. कोणत्या भागात उडविण्यास मुभा आहे, कोठे परवानगी हवी आणि कोठे पूर्ण मनाई आहे, हे सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संगणकीय नकाशात दाखविलेले असते. मुभा असलेल्या भागातही उंचीची मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर. चाकणच्या बाजूस मोकळे माळ अजून सापडतात; परंतु उच्च दाबाच्या तारा, रस्ता आणि वस्ती यांपासून पुरेसे अंतर राखावयाचे तर तेथेही जागा पारखूनच घ्यावी लागते.

कारखान्यात एकाची चूक दुसरा तपासनीस पकडतो. येथे आराखडा काढणारा, फिटर, तपासनीस आणि वैमानिक असा एकच माणूस असतो, आणि त्याच्या हलगर्जीपणाची शिक्षा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या तिऱ्हाइतास होऊ शकते. म्हणून ही विद्या कौशल्याइतकीच जबाबदारीही शिकविते. अशा मोठ्या विमानाचा खर्च लाखाच्या पुढे जातो, तो एकट्याने पेलावा असे नाही. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे, लेसरने प्लायवुड कापणारी यंत्रे आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकणारी मुले आहेत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृती-विमानांचे शिक्षण दिले जाते. ही सामग्री एकत्र आणून आरंभी दीड मीटरचे साधे विमान आणि अनुभवानंतर मोठे, अशा क्रमाने गेले, तर दुसऱ्याच्या आराखड्यावर काम करणाऱ्या या पट्ट्यातील तरुणांस स्वतःचा आराखडा काढण्याचे धैर्य येईल. आज आम्हांस त्याचीच गरज अधिक वाटते.